बजी पाळताय? आधी ती पिवळी पावडर फेका

दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून जी स्वस्तातली जोडी गळ्यात मारतात, ती बहुतेक वेळा बजीची (बजेरिगार या छोट्या पोपटाची) असते. बजी ऑस्ट्रेलियाचा, खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. घरात कोणता पक्षी आणलाय हेच ठाऊक नसलेली मंडळी औषध मात्र बिनधास्त पाजतात.

पक्षी फुगून बसला की पाण्यात अँटिबायोटिकची पिवळी पावडर! आजारी पक्षी पाणीच कमी पितो, मग डोस पोटात जाणार कसा? आमच्या सोसायटीतल्या काकूंचा ‘राजा’ असाच पिंजऱ्याच्या तळाशी शेपटी वरखाली करत बसलेला. पावडर चालू होतीच. मी चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची कातडी पाहिली, तर तपकिरी आणि खरबरीत. वयात आलेल्या नराची निळी असते (पिवळे-पांढरे लालडोळे सोडून).

“काकू, ही राणी आहे. अंडं अडकलेलं दिसतंय.”

“अहो, पण जोडीला नर कुठाय?”

कोंबडी तरी कोंबड्याशिवाय अंडं घालतेच की! पक्ष्यांच्या डॉक्टरांनी ऊब दिली, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, तेव्हा सुटली. खाणं विचारलं तर आणल्यापासून नुसती कांगणी (राळ्याचे दाणे). त्यातून ना पुरेसं कॅल्शियम मिळतं, ना अ जीवनसत्त्व. कॅल्शियमसाठी कटलबोन (कटलफिश या समुद्री जिवाचं हाड) टांगा, रोज पालेभाजी, गाजर द्या. ‘आमचा खातच नाही’ म्हणणारे दोन दिवसांत हात टेकतात. सवय लागायला महिनाही लागतो.

पोपटवर्गातले पक्षी दुखणं लपवतात, कारण थव्यात अशक्त दिसणारा आधी शिकाऱ्याच्या तोंडी जातो. म्हणून मी रोज सकाळी, दाण्याआधी, किचनच्या काट्यावर वजन करते. बजी साधारण 30-40 ग्रॅमचा. तीन-चार ग्रॅम उतरले की थेट डॉक्टर.

नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका, त्या वाफेने पक्षी मिनिटांत जातो. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट बंद. चोचीवर भोकाभोकांची पांढरी खपली म्हणजे माइट, कातडीत शिरणारा सूक्ष्म किडा. खोबरेल चोपडत बसू नका.

पिसं उपटणाऱ्याला आधी तपासून घ्या. रोग नसेल तर तो बहुधा कंटाळलाय. शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांचा ‘अ‍ॅलेक्स’ हा आफ्रिकन ग्रे पोपट रंग, आकार ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा. आणि आपण पोपटांना देतो काय, तर एक घंटी!

विष्ठा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या धुळीतून सिटाकोसिस हा फुफ्फुसाचा आजार माणसाला होतो. ताप-खोकला झाला तर घरात पक्षी आहेत हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि तो कंठवाला हिरवा पोपट? 1972च्या वन्यजीव कायद्याने तो पाळताच येत नाही. जखमी सापडला तर वनविभागाला 1926वर फोन लावा.