जुन्या ट्रंकेतली औषधाची चिठ्ठी अशी वाचा

आजोळच्या माळ्यावर, पत्रिकांच्या डब्यात किंवा पोथीच्या फडक्यात कधी कधी डॉक्टरांची सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची चिठ्ठी निघते. ‘इंग्रजीत काहीतरी खरडलंय’ म्हणून ती रद्दीत जाते. जाऊ देऊ नका. त्यातलं बरंचसं लॅटिन असतं, आणि ते लावायला एक दुपार पुरते.

माझे वडील, अण्णा, वाईला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देणाऱ्यांची रीतसर नोंदणी आली, तेव्हा पहिल्या रजिस्टरात ज्यांनी पाच वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून औषधं बनवली होती त्यांनाही जागा होती. अण्णा त्या वाटेने फार्मासिस्ट झाले. मी डिप्लोमा केला, पण चिठ्ठी वाचायला त्यांच्या टेबलाशी उभी राहूनच शिकले.

आधी कागद सांभाळा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात ठेवू नका. खिडकीशी धरून, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असा फोटो काढा आणि पुढचं सगळं वाचन त्या फोटोवर करा.

डाव्या कोपऱ्यात आर अक्षराच्या पायावर काट मारलेली दिसेल. ते ‘रेसिपी’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘घे’. हा हुकूम कंपाउंडरला आहे. तिथून खाली औषधांची नावं आणि मापं. मग एस-आय-जी ही अक्षरं शोधा. त्यांच्यापुढचं सगळं रोग्यासाठी, बाटलीच्या लेबलावर उतरवायचं. वरचं एकाला, खालचं दुसऱ्याला, हे कळलं की गोंधळ बराच निवळतो.

आता मापं. इथे घाई केलीत तर सगळं चुकेल. जुन्या चिठ्ठीत आधी माप येतं, मग आकडा, आणि आकडा रोमन. शेवटचा ‘आय’ खाली ओढून ‘जे’सारखा काढतात, म्हणजे दोन आय आणि एक जे दिसले तर ते ३. दोन एस म्हणजे अर्धा. ३ च्या आकड्यासारखी खूण म्हणजे ड्राम. त्याच खुणेच्या डोक्यावर आणखी एक वळसा असेल तर औंस. त्या एका वळशाने माप आठपट होतं, म्हणून भिंगातून बघा. ग्रेन हे यातलं सगळ्यात लहान वजन: ६० ग्रेनचा एक ड्राम, ८ ड्रामांचा एक औंस. पातळ औषधात ग्रेनच्या जागी मिनिम येतो, शेपटी ओढलेल्या ‘एम’सारखा. मिनिम म्हणजे थेंब नव्हे. अर्काचा थेंब लहान पडतो, पाण्याचा मोठा. अण्णा कधी थेंब मोजत नसत, त्यांच्याकडे मिनिमच्या रेघांचा काचेचा निमुळता पेला होता.

माझ्याकडची एक चिठ्ठी घेऊ. सोडा बायकार्ब १० ग्रेन, वेलदोड्याचं टिंक्चर (म्हणजे मद्यार्कात काढलेला अर्क) २० मिनिम, स्पिरिट क्लोरोफॉर्म १० मिनिम, पेपरमिंटचं पाणी ‘अ‍ॅड’ अर्धा औंस. खाली ‘मिक्श्चर कर, ६ औंस दे’. त्याखाली अर्धा औंस, टीडीएस, पीसी. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, पीसी म्हणजे जेवणानंतर. एसी असतं तर जेवणाआधी. पोटातल्या वाताचं हे औषध घरोघरी माहीत होतं, वेलदोड्याच्या टिंक्चरमुळे गुलाबी दिसायचं.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. ‘अ‍ॅड’ म्हणजे इंग्रजीतलं ‘घाल’ नव्हे, लॅटिनमधलं ‘इथपर्यंत’. बाकीचं घालून झाल्यावर पाण्याने अर्ध्या औंसापर्यंत भरायचं. दुसरं, ही मापं एका डोसाची आहेत. ६ औंसांत १२ डोस, म्हणून प्रत्येक माप बारापट: सोडा १२० ग्रेन, म्हणजे २ ड्राम, वेलदोडा ४ ड्राम, क्लोरोफॉर्म २ ड्राम. दिवसाला तीन, म्हणजे चार दिवसांचं औषध. हा हिशेब जुळला की चिठ्ठी बरोबर लागली असं समजा.

आणि जी-आर म्हणजे ग्रेन. ग्रॅम नव्हे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मी याच अक्षरांना ग्रॅम समजून तराजूत सोडा टाकायला लागले होते. एका ग्रॅममध्ये साधारण १५ ग्रेन बसतात. अण्णांनी काही न बोलता माझं मनगट धरलं. सोडाच होता म्हणून पोटावर निभावलं असतं. बेलाडोना या विषारी वनस्पतीचा अर्क असता तर माणूस गेला असता. ती पकड मला अजून जाणवते.

तारीख फाटली असेल तर औषधंच काळ सांगतात. नावापुढे बीपी असेल तर ब्रिटिश फार्माकोपिया, म्हणजे औषधांचा अधिकृत प्रमाणग्रंथ. आयपी असेल तर बहुधा १९५५ नंतरची चिठ्ठी, कारण आपल्या भारतीय फार्माकोपियाची पहिली आवृत्ती त्या सालची. पेनिसिलिन दिसलं तर दुसऱ्या महायुद्धाच्या अलीकडे या. आपल्याकडे पेनिसिलिन बनवणारी पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ ची. ग्रेन मात्र पुरते गेले नाहीत. ३२५ आणि ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्या बघा, ते ५ आणि १० ग्रेनच आहेत.

चिठ्ठीबरोबर बाटली निघाली तर ती उघडू नका, हुंगू नका, ‘आजोबांचं औषध’ म्हणून चाखू तर मुळीच नका. लायकर आर्सेनिकॅलिसमध्ये सोमल असतो, नक्स व्होमिका म्हणजे कुचला, ‘हायड्रार्ज’ने सुरू होणारं नाव म्हणजे पारा. वाचलेलं औषध घरी करून बघायचाही मोह नको.

बाटली बाहेरूनच बघा. अंगावर उभ्या रेघांचे उंचवटे असतील आणि काच निळी किंवा हिरवी असेल, तर ती बहुधा विषारी औषधाची, अंधारात हाताला कळावी म्हणून तशी केलेली. साध्या बाटलीवर दोन्ही कडांना खाचा कातरलेली कागदाची पट्टी असेल. एक खाच म्हणजे एक डोस. खाचा मोजा. आपल्या या चिठ्ठीच्या बाटलीवर त्या १२ भरल्या पाहिजेत, आणि औषध कुठल्या खाचेशी थांबलंय त्यावरून रोग्याने किती घेतलं होतं तेही कळतं.