या चुका टाळा: गाईंमधील सेलेनियमयुक्त प्रथिनांची जनुके अभ्यासताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे जे विद्यार्थी गाईंच्या सेलेनियमयुक्त प्रथिनांवर प्रकल्प घेतात, त्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच असते: ‘यूजीए’ या त्रिकुटाचा (जनुकाच्या संदेशातील तीन अक्षरांच्या सांकेतिक शब्दाचा) अर्थ ते केवळ ‘प्रथिनाची साखळी इथे थांबवा’ असा घेतात. या प्रथिनांत मात्र तेच त्रिकूट सेलेनोसिस्टीन हे एकविसावे अमिनो आम्ल बसवण्याची खूण असते, आणि हा अर्थपालट घडवणारी ‘सेसिस’ नावाची घडी त्या त्रिकुटाशेजारी नसून संदेशवाहक आरएनएच्या (जनुकाच्या संदेशाच्या प्रतीच्या) शेपटीकडील, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात असते.

म्हणून संगणकाने सुचवलेली जनुकाची रचना पारखल्याशिवाय स्वीकारू नये. सेलेनोप्रोटीन-पी या सेलेनियमयुक्त प्रथिनामध्ये माणसात १० सेलेनोसिस्टीन असतात, तर गाईच्या मेंदूतून मिळालेल्या तशाच एका प्रथिनात १२ आढळली; संगणकातील जनुकाची नोंद पहिल्याच यूजीएवर थांबली तर ही सगळी हरवतात, पण निदान चूक डोळ्यांत भरते. थायोरेडॉक्सिन रिडक्टेज हे सेलेनियमयुक्त विकर अधिक फसवे आहे. त्यात सेलेनोसिस्टीन शेवटून दुसरे असल्याने फक्त दोन अमिनो आम्ले गळतात, अनुक्रम पूर्णच वाटतो आणि प्रथिनाचे काम जिथे चालते तोच भाग गेलेला असतो. यूजीएच्या पुढचा भाग इतर सस्तन प्राण्यांशी जुळवून पाहावा आणि शेपटीत सेसिस शोधावी. शोधताना जुनी-नवी दोन्ही नावे वापरावीत, कारण २०१६ मध्ये या जनुकांची नावे एकसारखी करण्यात आली.

गाईचे जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून पूर्ण प्रथिनाची वाट पाहणेही व्यर्थ आहे. जिवाणूंची सेसिस यूजीएला लागूनच असते, गाईची त्यांना वाचता येत नाही.

नियमनाबाबतची चूक मला सर्वांत गंभीर वाटते. सेलेनियम कमी पडल्यावर जीपीएक्स-१चा (ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज-१ या सेलेनियमयुक्त विकराचा) संदेश घटलेला दिसतो आणि ‘जनुक बंद झाले’ असा निष्कर्ष लिहिला जातो. प्रत्यक्षात जनुकावरून प्रती निघतच असतात. परंतु यूजीए इंट्रॉनच्या (संदेशातून कापून टाकल्या जाणाऱ्या भागाच्या) आधीच्या तुकड्यात असल्याने, सेलेनियमअभावी पेशी त्याला अवेळी आलेला थांबा समजून तो संदेशच नष्ट करते. त्याच कुटुंबातले जीपीएक्स-४ मात्र टंचाईतही बराच काळ टिकून राहते, त्यामुळे केवळ तेच मोजून ‘कमतरता नाही’ असे म्हणू नये.

कडबा आणि सरकीच्या ढेपेवर जगणाऱ्या गाईंना खनिज मिश्रण सुरू करून पंधरा दिवसांत रक्त तपासले आणि तांबड्या पेशींतील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज वाढलेले नाही, म्हणून मिश्रणालाच दोष दिला, असे घडते. हे विकर पेशी घडतानाच तिच्यात भरले जाते आणि गाईची तांबडी पेशी काही महिने जगते, म्हणून इतक्या लवकर उत्तर हवे असेल तर रक्तद्रवातील सेलेनियम मोजावे. तोवर मात्रा वाढवू नये: दुभत्या गाईंसाठी चाऱ्याच्या दर किलो शुष्क भागामागे सुमारे ०.३ मिलिग्रॅम पुरते आणि अतिरेक विषारी ठरतो.