धावायला सुरुवात करताय? आधी तेराचा पाढा आठवा

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची. पहिल्या दिवशी मी ती धावत पूर्ण करायची ठरवून निघालो आणि तीनशे मीटरवर कट्टा धरून उभा राहिलो. बरगडीखाली कळ, तोंडाला कोरड, कानात ठोके. तेवढ्यात स्वेटर-कानटोपीतले एक आजोबा आपल्या चालीनं मला मागे टाकून गेले. वर 'सावकाश हो!' म्हणाले. तेव्हा राग आला होता. पण नव्यानं धावणाऱ्याला द्यावा असा सल्ला खरं तर तेवढाच आहे.

आपल्याकडे धावणं म्हणजे एक तर शाळेतली शंभर मीटरची शर्यत, नाहीतर पोलीस भरतीची तयारी. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर दिसणारी भरतीची मुलं जीव तोडून पळतात, कारण १६०० मीटरला घड्याळ लावून गुण मिळतात. मुलींना ८०० मीटर. आपल्याला कुणी गुण देणार नाही. तरी पस्तिशी-चाळिशीतला माणूस पहिल्याच दिवशी त्यांच्यासारखा सुटतो, चार दिवसांत नडगी धरतो आणि 'धावणं आपल्याला झेपत नाही' असा निकाल देऊन मोकळा होतो. झेपत नसतो तो वेग.

आधी डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा जिना चढताना छातीत दाटून येत असेल, तर तपासणी करूनच सुरुवात करा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर तेही सांगा.

मग बूट. पैसे खर्च करायची ही एकच जागा. संध्याकाळी खरेदीला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. ज्या मोज्यांवर धावणार तेच घालून जा. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि टाच आत सरकता कामा नये. दुकानातच दहा पावलं धावून बघा, विक्रेता काय म्हणेल याची काळजी करू नका. महागडा बूट तुम्हाला वेगवान करत नाही, चुकीच्या मापाचा मात्र नख काळं करतो. सुती बनियन घामानं भिजून अंगाला घासतो, त्यापेक्षा लवकर वाळणारा साधा टी-शर्ट बरा. बायकांनी नीट मापाची स्पोर्ट्‌स ब्रा घ्यावी. बुटाइतकीच ती गरजेची आहे.

आता मुख्य गोष्ट: धावा आणि चाला. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक-एक दिवस सोडून. दर वेळी आधी पाच मिनिटं भरभर चालायचं आणि शेवटी पाच मिनिटं रमतगमत. मधला भाग असा:

१ला आणि २रा आठवडा: १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा
३रा: २ मिनिटं धावणं, २ चालणं, सहा वेळा
४था: ३ धावणं, २ चालणं, पाच वेळा
५वा: ५ धावणं, २ चालणं, चार वेळा
६वा: ८ धावणं, २ चालणं, तीन वेळा
७वा: १२ धावणं, २ चालणं, पुन्हा १२ धावणं
८वा: २५ मिनिटं सलग

पहिल्या आठवड्यातली ती चोवीस मिनिटं म्हणजे पार्काच्या जेमतेम दोन फेऱ्या. हे फारच सोपं वाटेल. वाटू द्या. दम काही आठवड्यांतच वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध त्यामानानं हळू घट्ट होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम आहे म्हणून पळत सुटणाऱ्यांच्या नडग्या दुखतात त्या यामुळेच. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. मी पाचवा आठवडा तीनदा केला. मध्ये चालणं ही लबाडी नाही. चाललात म्हणूनच पुढचं मिनिट धावता येतं.

वेग किती? इथे तेराचा पाढा. धावताना मोठ्यानं म्हणा: तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस. एक ओळ न तुटता म्हणता आली तर वेग बरोबर. 'तेरा... दुणे...' असं व्हायला लागलं की कमी करा. शेजारून चालणारा माणूस पुढे गेला तरी चालेल. सगळा पाढा गाण्यासारखा म्हणता येत असेल तर किंचित वाढवा. (तेरा सत्ते किती हे घरी बसूनही आठवत नसेल तर सातचा घ्या.) सोबतीला कुणी असेल तर गप्पा मारा, परीक्षा तीच.

पावलं छोटी टाका. पाय लांब फेकून टाच आपटली की दणका थेट गुडघ्यात जातो. खांदे कानाकडे चढतात, ते मधूनमधून सोडा. मुठी आवळू नका. टाच आधी की चवडा आधी या वादात आत्ता पडूच नका.

जागा शक्यतो मातीच्या मैदानाची निवडा. रस्त्यावरच धावायचं असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं, आणि दोन्ही कानांत गाणी नकोत. कुत्रं मागे लागलं तर पळू नका, थांबा, त्याच्याशी नजर न भिडवता हळूहळू चालत निघून जा. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर यायच्या आत परत घरी. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर धावण्यापेक्षा त्या दिवशी नुसतं चाललेलं बरं, आणि घरी आल्यावर ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा.

सकाळी निघण्याआधी अर्धं केळं किंवा दोन खजूर पुरतात. तेवढ्या वेळासाठी पाण्याची बाटली मिरवायची गरज नाही, निघताना आणि आल्यावर प्या. नंतर पोहे, अंडं, मुगाचं धिरडं, जे घरात असेल ते. वजनाचा हिशेब मात्र आधीच सांगतो: एक किलो वजन एक किलोमीटर न्यायला साधारण एक कॅलरी लागते. सत्तर किलोचा माणूस साडेतीन किलोमीटर धावला तर अडीचशेच्या आसपास. मैदानाबाहेरचा एक वडापाव तेवढं भरून काढतो. सुरुवातीचा फायदा वजनकाट्यावर शोधू नका. जिना चढताना आणि रात्रीच्या झोपेत तो आधी कळतो.

दुखणं ओळखायला शिका. मांड्या-पोटऱ्या दोन दिवस ठणकल्या आणि चालताना सैल झाल्या तर काळजी नको. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, धावताना वाढणारं किंवा लंगडायला लावणारं, हे थांबण्याचं कारण. आठवडाभर थांबून फरक नाही तर डॉक्टर. छातीत दुखलं, भोवळ आली, घाम गार पडला, तर तिथेच बसा, कुणाला तरी हाक मारा आणि लगेच दवाखाना गाठा.

२५ मिनिटं सलग जमली की व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची लिंक टाकेलच. अर्ध मॅरेथॉन २१.१ किलोमीटरची असते. या वर्षी ती सोडा. पुढचे दोन महिने त्याच तीन दिवसांत एकच दिवस पाच-पाच मिनिटांनी वाढवा, बाकीचे दोन आहेत तसेच ठेवा. पाढा चालूच.