तापमानानुसार द्रव स्फटिकांत होणारे बदल अवरक्त वर्णपटावरून कसे मोजावेत

द्रव स्फटिक वाहतात, तरी त्यांच्या लांबट रेणूंचा कल एका दिशेला राहतो. तापमान वाढते तसा हा कल ढळत जातो आणि ठरावीक अंशाला एकदम नाहीसा होतो. तो किती ढळला, हे ध्रुवीकृत (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या) अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरून आकड्यांत मांडता येते.

सुरुवातीला ५सीबी हा द्रव स्फटिक पदार्थ घ्यावा. इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७०च्या दशकाच्या आरंभी तयार केलेला हा पदार्थ सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळून नेमॅटिक अवस्थेत, म्हणजे रेणूंचा कल एका दिशेला असलेल्या द्रव अवस्थेत, जातो आणि सुमारे ३५ अंशांना साधा द्रव होतो. नागपुरात मात्र ही सोयच अडचणीची ठरते, कारण मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत तो बाटलीतच साधा द्रव झालेला असतो, तर डिसेंबरच्या सकाळी गोठलेला सापडू शकतो. म्हणून नमुना तापवणारीच नव्हे, तर थंडही करणारी व्यवस्था हवी.

नमुन्यासाठी कॅल्शियम फ्लोराईडच्या दोन चकत्या घ्याव्यात. पोटॅशियम ब्रोमाईड स्वस्त पडते खरे, पण खोलीत वाळ्याचा कूलर चालू असला की त्या ओलाव्याने त्याच्या चकत्या धुरकट होतात. चकत्यांवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर देऊन तो मखमलीच्या कापडाने एकाच दिशेने घासावा, म्हणजे रेणू त्या दिशेला लागतात; दोन्हींची घासण्याची दिशा समांतर ठेवावी आणि मध्ये सुमारे १० मायक्रोमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी घालावी. पदार्थ ४० अंशांना भरावा. केशाकर्षणाने तो आपोआप आत ओढला जातो.

यानंतर सावकाश थंड करत वर्णपट घ्यावेत. एरवी एकेक अंशाचे अंतर पुरते, पण ३५ अंशांच्या आसपास ०.२ अंशाने सरकावे आणि दर वेळी तापमान स्थिरावू द्यावे. प्रत्येक तापमानाला पोलरायझर (प्रकाश ध्रुवीकृत करणारी जाळी) घासण्याच्या दिशेला एकदा समांतर व एकदा लंब ठेवून, २२२६ प्रति सेंटिमीटरजवळच्या नायट्राइलच्या (कार्बन-नायट्रोजन बंधाच्या) शिखराचे क्षेत्रफळ मोजावे. हा बंध रेणूच्या लांबीच्या दिशेनेच कंप पावत असल्याने समांतर शोषण जास्त येते.

समांतर क्षेत्रफळाला लंब क्षेत्रफळाने भागावे. त्या गुणोत्तरातून १ वजा करून आलेल्या संख्येला, गुणोत्तरात २ मिळवून आलेल्या संख्येने भागले की क्रम-प्राचल, म्हणजे रेणूंचा कल किती टिकून आहे ते सांगणारा आकडा, मिळतो: गुणोत्तर ५ असल्यास तो सुमारे ०.५७. साध्या द्रवात गुणोत्तर १ यायलाच हवे. माझ्या मते सगळ्या प्रयोगातली सर्वांत मोलाची तपासणी हीच, आणि नेमकी तीच गाळली जाते. ते १ येत नसेल, तर यंत्राचा प्रकाश मुळातच अंशतः ध्रुवीकृत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पोलरायझरच्या प्रत्येक स्थितीत रिकाम्या मार्गाचा स्वतंत्र पार्श्ववर्णपट घ्यावा.

आलेखात तापमान वाढते तसा क्रम-प्राचल हळूहळू घसरत ०.३च्या आसपास येतो आणि तिथून थेट शून्यावर उतरतो. ही उडी ३५ ऐवजी ३३ अंशांना दिसली, तर तापमापक नमुन्याला चिकटून आहे की नुसत्या ठोकळ्यात, ते आधी पाहावे; तो जागेवर असूनही उडी खालीच राहिली, तर पदार्थात भेसळ आहे असे धरून नवी बाटली उघडावी.