मिनरल मेकअप: निवड आणि लावण्याची पद्धत

डब्यावरच्या ‘मिनरल’ या शब्दावर विसंबू नका, मागची घटकांची यादी वाचा. मायका (अभ्रक), झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड, एवढ्यावर चांगली पावडर तयार होते. तिच्यात पाणी नसल्याने प्रिझर्व्हेटिव्ह फारसे लागत नाहीत, सुगंधही बहुधा नसतो. म्हणून संवेदनशील त्वचेला ती सहसा मानवते. काही पावडरींत चमकेसाठी घातलेल्या बिस्मथ ऑक्सिक्लोराइडने मात्र काहींना खाज येते. तसा त्रास होत असेल तर ते नसलेली पावडर घ्या.

चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावा आणि 5 ते 10 मिनिटं थांबा. ही पायरी गाळली की ओलसर जागी पावडर धरते आणि डाग दिसतात. झाकणात चिमूटभरच पावडर घ्या, दाट केसांचा ब्रश त्यात फिरवा, कडेवर आपटून जास्तीची झाडा, मग गालापासून बाहेरच्या दिशेने हलक्या हाताने गोल गोल घासा. कमी वाटलं तर दुसरा पातळ थर द्या. एकदम जाड थर दिला की तो सुरकुत्यांत बसतो. कोरड्या त्वचेवर पापुद्रे उठून दिसतात. तिथे आधी ओलावा वाढवा, पावडर नव्हे.

झिंक आणि टायटॅनियम ऊन अडवतात हे खरं, पण इतक्या पातळ थराने पुरेसं संरक्षण मिळत नाही. सनस्क्रीन खाली हवंच. सुटी पावडर उडते, तेव्हा ती श्वासात जाऊ देऊ नका. ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच वापरा.