आधी सिरिंजमधला रंग बघा

पार्किन्सन्सच्या आजारात मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात. त्याचा अभ्यास करायला सिक्स-ओएचडीए नावाचं विष रॅटच्या मेंदूत टोचून तशीच इजा करतात, याला मॉडेल म्हणतात. पीएचडीतल्या माझ्या पहिल्या तुकडीत असे सहा रॅट होते. शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी अपोमॉर्फिन दिलं. मेंदूच्या एका बाजूला इजा नीट झाली असेल, तर रॅट या औषधावर गोल फिरतो. पण एकही गोल फिरला नाही. चूक माझीच होती. सिक्स-ओएचडीएचं द्रावण सकाळी करून मी ते दुपारपर्यंत टेबलावर ठेवलं होतं. ताजं द्रावण जवळपास रंगहीन असतं. हवा आणि उजेड लागून ते गुलाबी-तपकिरी झालं, की त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. आता मी एस्कॉर्बिक ॲसिड घातलेल्या सलाइनमध्ये ते आयत्या वेळी करते, फॉइल गुंडाळून बर्फात ठेवते आणि रंग दिसला की रासायनिक कचऱ्यात टाकते. ते सहा जीव फुकट गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

हे विष दिसायला डोपामाइनसारखं असल्यामुळे डोपामाइनच्या पेशी ते स्वतःच आत ओढून घेतात आणि मरतात. रक्तातून मात्र ते मेंदूत शिरत नाही, म्हणून डोकं घट्ट धरून नेमकी जागा मोजू देणाऱ्या स्टिरिओटॅक्सिक फ्रेमवर कवटीला बारीक भोक पाडून सुई खाली न्यावी लागते. द्रावण सोडल्यावर सुई लगेच काढू नका, पाच मिनिटं तशीच राहू द्या. नाहीतर द्रावण सुईच्या वाटेनंच वर येतं. नॉरॲड्रेनालिन या दुसऱ्या रसायनाच्या पेशीही हे विष ओढून घेतात, त्या वाचवायला आधी डेसिप्रामिन हे औषध देतात. इजा एकाच बाजूला करायची. दोन्ही बाजूंना केली तर प्राणी खाणंपिणं सोडतो. स्वीडिश शास्त्रज्ञ उंगरस्टेट यांनी १९६८ साली ही पद्धत मांडली, ती अजून टिकून आहे.

डोपामाइनसारखं काम करणाऱ्या अपोमॉर्फिनवर रॅट इजेच्या विरुद्ध बाजूला फिरतो, उरलेल्या पेशींना डोपामाइन सोडायला लावणाऱ्या ॲम्फेटामिनवर इजेच्याच बाजूला. नवखे इथे हमखास गोंधळतात. इजा झालेल्या बाजूचे रिसेप्टर, म्हणजे डोपामाइन ओळखणारे पेशींवरचे भाग, फार संवेदनशील होतात, म्हणून अपोमॉर्फिनचा जोर तिकडे जास्त लागतो, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

याच पेशी मारणाऱ्या एमपीटीपी या दुसऱ्या विषाची कहाणी वेगळी. १९८२ साली कॅलिफोर्नियात भेसळीचं कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेली तरुण माणसं अचानक ताठरली, त्यातून ते उजेडात आलं. रॅटवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, त्यासाठी सी५७ब्लॅक६ जातीचे माऊस लागतात. ते माणसालाही बाधतं, म्हणून शिकवणारं कुणी शेजारी नसेल तर बाटली उघडूच नका. रोटेनोन हे तिसरं विष पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातला कॉम्प्लेक्स १ हा प्रथिनांचा संच अडवतं, पण प्रत्येक प्राण्यात परिणाम वेगळा दिसतो.

माणसाचा आजार वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, सिक्स-ओएचडीएनं पेशी काही दिवसांतच मरतात. आजारी माणसाच्या पेशींत साचणारे प्रथिनांचे गोळे, म्हणजे लेवी बॉडीही त्यात दिसत नाहीत. आजार कसा सुरू होतो हा तुमचा प्रश्न असेल, तर हे मॉडेल घेऊ नका. डोपामाइन गेल्यावर औषध काय करतं हे बघायचं असेल, तर उत्तम.

आणि प्राण्यांच्या नैतिक समितीला अर्ज करताना शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचं पान घाईत भरू नका. पहिला आठवडा मी रोज प्रत्येक रॅटचं वजन करते. अशक्त रॅटला मागच्या पायांवर उभं राहून वरच्या जाळीतल्या खाद्याच्या गोळ्या काढता येत नाहीत, म्हणून त्या पाण्यात भिजवून वाटीत, पिंजऱ्याच्या तळाशी ठेवते. संध्याकाळी वाटी रिकामी दिसली तरच घरी जाते.