डायट आणि केंद्रप्रमुखांची मदत वर्गापर्यंत पोहोचत नाही? या चुका टाळा

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. आपल्याकडे शिक्षक त्यांना ‘डायट’ म्हणूनच ओळखतात. पुण्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्ह्यात डायट, तालुक्यात गट साधन केंद्र आणि जवळच्या काही शाळांचे मिळून एक ‘केंद्र’ व त्याचा एक केंद्रप्रमुख अशी ही साखळी आहे. तरीही पत्रे येतात, प्रशिक्षणे होतात, भेटी होतात आणि वर्गातली अडचण जिथल्या तिथे राहते, अशी तक्रार अनेक शाळांतून ऐकू येते. मनुष्यबळाची टंचाई हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण मात्र बऱ्याच अंशी शाळेच्या हातात आहे: वर्गातली नेमकी अडचण वरपर्यंत जातच नाही.

भेटीच्या दिवशी फक्त चांगले तेवढे दाखवणे

केंद्रप्रमुख किंवा डायटचे अधिव्याख्याते येणार असे कळले की टाचणवह्या, म्हणजे पाठांच्या पूर्वतयारीच्या वह्या, पूर्ण होतात, भिंतींवर नवे तक्ते लागतात आणि चटकन उत्तर देणारी मुले पुढे बसवली जातात. यामागे तपासणीची जुनी धास्ती आहे, आणि काही भेटी खरोखरच दप्तर पाहण्यात संपत असल्यामुळे ती निराधारही म्हणता येणार नाही. परंतु ज्या मुलांसाठी मदत हवी, तीच मुले त्या दिवशी मागे राहिली, तर आलेला माणूस सांगणार तरी काय?

भेटीसाठी याच्या उलट तयारी करावी. समजा, तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी अडली आहे आणि ३०४ वजा १२७ या उदाहरणाचे उत्तर काही मुले २२३ असे लिहीत आहेत. ‘मुलांचे गणित कच्चे आहे’ असे सांगितल्यास ‘सराव वाढवा’ यापलीकडे उत्तर मिळणे अवघड असते. त्याऐवजी त्या मुलांच्या वह्याच समोर ठेवाव्यात. ही मुले प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहेत, म्हणजे शतक सोडवून दशक आणि दशक सोडवून एकक मिळवण्याची कल्पनाच त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही, हे अनुभवी माणसाच्या लगेच लक्षात येते. मग चर्चा सराव वाढवण्यावरून गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या वापरून हा घटक पुन्हा कसा घ्यावा याकडे वळते. वेळ असेल तर, ‘आज हा घटक आपण घेऊन दाखवाल का?’ अशी विनंतीही निःसंकोच करावी. शिक्षकाला दुसऱ्याचे शिकवणे आपल्याच वर्गात पाहता येणे ही फार मोलाची गोष्ट आहे आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

भाषेच्या अडचणीबाबतही हेच लागू होते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी आणि नंदुरबारमध्ये पावरी किंवा भिली बोलणारी मुले पहिलीत येतात. ‘मुले वाचत नाहीत’ असे लिहून पाठवलेल्या अहवालातून हे वास्तव निसटते. अक्षरे ओळखता येतात पण शब्दांचा अर्थ कळत नाही, की मुळात अक्षरओळखच झालेली नाही, हे वेगळे करून कळवल्याखेरीज डायटला योग्य साहित्य किंवा योग्य माणूस पाठवता येत नाही.

प्रशिक्षणाला ‘कोणीतरी’ पाठवणे

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा विषय न पाहता मोकळ्या असलेल्या शिक्षकाचे नाव कळवले जाते. राज्य, जिल्हा, तालुका असे टप्पे घेत उतरणारे प्रशिक्षण प्रत्येक टप्प्यावर थोडे विरळ होते. शेवटच्या टप्प्यावर चुकीचा शिक्षक बसला, तर उरलेलेही वाया जाते. दोन शिक्षकी शाळेत एक जण गेला की दुसऱ्यावर सगळे वर्ग येतात ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच प्रशिक्षणाच्या तारखा ठरण्याआधी ती लेखी कळवावी. परत आलेल्या शिक्षकाने आठवडाभरात एक पाठ सहकाऱ्यांसमोर घ्यावा. अहवाल लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

शिक्षण परिषद माहिती गोळा करण्यात संपवणे

केंद्रस्तरीय शिक्षण परिषद ही शेजारच्या शाळांतील शिक्षकांनी एकत्र बसून अध्यापनाविषयी बोलण्याची जागा आहे. यू-डायसची (शाळांच्या देशव्यापी नोंदणीची) माहिती, विविध योजनांचे तक्ते आणि नव्या परिपत्रकांचे वाचन यांतच दिवस सरला, तर ती प्रशासकीय सभा होते. माहिती आधीच मागवून घ्यावी आणि परिषदेतला मुख्य वेळ एका पाठासाठी व त्यावरच्या चर्चेसाठी राखावा, असे मुख्याध्यापकांनी मिळून केंद्रप्रमुखांना सुचवावे. बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या, म्हणजे एकच शिक्षक एकाच वेळी अनेक इयत्तांना शिकवतो अशा, शाळा केंद्रात अधिक असतील, तर विषयही तिथलेच असावेत.

अडचण चुकीच्या दारात नेणे

वेतन, बदली, रिक्त पदे, वर्गखोल्यांची दुरुस्ती हे विषय गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचे आहेत. अध्यापन, मूल्यमापन, साहित्य आणि प्रशिक्षण यांसाठी गट साधन केंद्रातील साधन व्यक्ती (शिक्षकांना विषयाचे मार्गदर्शन करणाऱ्या), केंद्रप्रमुख आणि डायट यांच्याकडे जावे. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात घातल्या की पत्र प्रशासकीय टेबलावर थांबते आणि शैक्षणिक प्रश्न मागे पडतो.

केंद्रप्रमुखाचे पद रिक्त असेल किंवा त्यांच्याकडे दोन केंद्रांचा कार्यभार असेल, तर भेटीची वाट पाहत बसू नये. इयत्ता, विषय, घटक, अडलेल्या मुलांची संख्या आणि आजवर करून पाहिलेले उपाय एवढेच असलेले एक पानी पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत डायटच्या प्राचार्यांना पाठवावे. त्याची नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात घ्यावी, म्हणजे पुढच्या सभेत पालक सदस्यच ‘उत्तर आले का?’ असे विचारू शकतील.